खाली पेटी, वर बाजा

मोडकं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. गळका नळ, डुगडुगणारं स्टूल, बंद पडलेलं घड्याळ, काहीही. "हिच्यापासून वस्तू लपवून ठेवा," असं बाबा म्हणायचे. त्यामुळे मागच्या वर्षी आईच्या चारकोपच्या घरी डाळींच्या डब्यांमागे तो बाजा सापडला, तेव्हा मी तिला न विचारताच पर्समध्ये टाकला.

बाजा हा आईचा शब्द. वस्तू म्हणजे खिशात मावेल असा पांढरट प्लास्टिकचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. वर कॅलक्युलेटर, खाली पट्ट्यांच्या जागी चपटी बटणं आणि एका टोकाला चहाच्या गाळणीसारखी जाळी, तिच्यातून आवाज यायचा. बाबांच्या ऑफिसातल्या एकाने तो आखातातून आणून दिला होता. खरं तर माझ्यासाठी, पण मी दोन महिन्यांत कंटाळले आणि बाजा आईकडे गेला. हल्ली असल्या जुन्या खेळण्यांचं पुन्हा वेड आलंय. माझ्या ऑफिसातली पंचविशीतली पोरं त्यांचे व्हिडिओ बघून हरखून जातात. मला ते कौतुक नव्हतं. माझा त्याच्यावर जुना राग होता.

हा बाजा बेसूर होता. सहावीत शाळेच्या गॅदरिंगला मी तो मोठ्या तोऱ्यात घेऊन गेले. बाईंनी हार्मोनियमवर सूर दिला, मी बटण दाबलं आणि अख्खा वर्ग खो खो हसला. दोन्ही सूर एकमेकांशी भांडत होते. घरी येऊन मी आईवर ओरडले, "तुझं हे डबडं बेसूर आहे!" आईने ते हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि डाळींच्या डब्यांशेजारी ठेवून दिलं.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या बरोबर खाली सोसायटीचं ऑफिस. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी भजन. सगळी मंडळी कोकणातली, गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळ सोडून इथे आलेली. पेटीही चाळीतूनच आलेली, जुनी, सुरात जरा उतरलेली. ती बाबा वाजवायचे. बायका आरतीच्या वेळी खाली जात, पण पेटीला हात लावायची पद्धत नव्हती. भजन चालू असताना आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. कधी पाणी प्यायला गेले तर दिसायचं, कुकरच्या बाजूला ओट्यावर बाजा, आवाज अगदी बारीक, आणि तिची बोटं बटणांवर. मला वाटायचं, वेळ घालवतेय. भजन संपवून बाबा वर आले की ती ताट वाढता वाढता म्हणायची, "आज दुसऱ्या भजनाक पळालात." म्हणजे लय वाढली. बाबा मान डोलवून जेवायला बसायचे.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. गुरुवारी आता आई टीव्हीचा आवाज मोठा करून बसते. खाली कोणीतरी नवा मोठा कीबोर्ड वाजवतं. ते तिला ऐकायचं नसतं.

म्हणूनच मी तो बाजा घाटकोपरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. गळलेल्या बॅटऱ्यांनी आतली पितळी पात खाल्ली होती. त्याने ती बदलली आणि वर म्हणाला, "ताई, पीछे ट्यूनिंग का स्क्रू किसीने पूरा घुमाया था. अपुनने बराबर कर दिया." मी खूश. चाळीस वर्षांचा बेसूरपणा एका फटक्यात गेला.

आईच्या वाढदिवसाला तो तिच्या हातात दिला. तिचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. तिने एक बटण दाबलं, मग दुसरं, आणि बाजा हळूच टेबलावर ठेवला.

"ह्यां आमचां न्हय," ती म्हणाली.

"अगं, तोच आहे! फक्त सुरात आणलाय."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

मग तिने सांगितलं. तो स्क्रू तिनेच फिरवला होता, केसातल्या पिनेने, बाबांच्या पेटीचा सूर लागेपर्यंत. दर गुरुवारी खाली ते वाजवत, वर ही वाजवायची. "दोघांनी मिळून," ती म्हणाली आणि चक्क लाजली. बाबांना तिने कधी सांगितलं नव्हतं. आता ती पिन घेऊन स्क्रू इकडेतिकडे फिरवत राहिली. शेवटी पिन खाली ठेवून म्हणाली, "नाही गं. तो सूर आता कानात राहिला नाही."

मला माझे हात तोडून टाकावेसे वाटले.

बाबांचा सूर आता एकाच ठिकाणी असणार होता, त्या पेटीत. तीही कोणी लावून घेतली असेल तर संपलंच. मी धावत खाली गेले. भजनातले सर्वात जुने काका ऑफिसात पेपर वाचत होते.

"पेटी? ती काय कपाटात. वाजवतो कोण आता?"

"कोणी सुरात लावून घेतली का हो, बाबांनंतर?"

काका हसले. "नाही गं. तुझ्या बाबांनीच कधी लावू दिली होती? पेटीवाला कारागीर आम्ही कितीदा बोलावला. तुझा बाप त्याला चहा पाजून परत पाठवायचा. म्हणायचा, घरी विचारावं लागेल. आम्ही काय चेष्टा करायचो त्याची! पेटी मंडळाची आणि हा बायकोला विचारणार!"

मी तिथेच खुर्चीवर बसले. डोळे कधी भरले कळलंच नाही. काकांना वाटलं, बाबांच्या आठवणीने. तेही खरंच होतं.

पेटी वर आणते म्हटलं तर आई ऐकेना. "वर कशाला? तू खाली वाजव." मी ऑफिसची खिडकी उघडली, एक पट्टी दाबून धरली आणि भाता हलवत राहिले. हात भरून आला. वर आई पिनेने स्क्रू फिरवत असणार, पण काही ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघराच्या ग्रिलवर पळी वाजली, टण टण. सूर लागला होता. मग बाबांनी शिकवलेलं, मला येणारं एकमेव भजन मी अडखळत पूर्ण वाजवलं.

वर गेले तर आई ओट्यापाशी उभी. बाजा कुकरच्या बाजूला.

"दुसऱ्या ओळीक पळालंस," ती म्हणाली.

मी तिला काकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. कारागीर, चहा, घरी विचारावं लागेल. ती बराच वेळ बाजावरून अंगठा फिरवत राहिली.

"माका तर कधी इचारल्यानी नाय."

"मग मी विचारते. पेटी जरा उतरलीय, आई. लावून घेऊ?"

आईने पळी उचलली. "हात लावून तर बघ!"