अकरा बाया, तांबडी लुगडी

अकोल्याच्या एका शेटजीच्या पेढीत एक चितर टांगलेलं आहे. अमरावतीच्या कापसाच्या वखारीचं. साऱ्या वऱ्हाडात त्याचं नाव झालं. त्याची छापील नक्कल विलायतेले गेली म्हणतात. लोक येतात, हरखून पाहतात अन् म्हणतात, "बाप्पा, किती हुबेहूब!" मी त्या वखारीत हमाल होतो. माही बायको तिथंच सरकी काढणाऱ्या बायांत बसे. हुबेहूब म्हणजे काय, ते मले इचारा.

तिकडं अमेरिकेत लढाई लागली अन् इकडं आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला. जो तो अमरावतीकडं धावला. आमी दोघंही चांदूर बाजाराकडून गाठोडं बांधून आलो. वखारीत सात बाया रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या लाकडी चरकावर बसत, रुई वेगळी करत, सरकी वेगळी. रुईचं तूस असं उडे की नाकातोंडात जाई. म्हणून साऱ्या जणी पदरानं तोंड घट्ट बांधून बसत. दिवसभर मी तिच्यासमोरून गठाणी वाहत होतो, पण तिचं तोंड पाहायले मिळे ते सांजच्याले, चुलीच्या धुरात. तेही मी कुठं धड पाहिलं! घरचंच तोंड आहे, पळून थोडीच जाते, असं वाटे.

एका हंगामात एक गोरा चितारी आला. त्याच्यासाठी तीन दिवस रेचे बंद ठेवले. मुकादमानं सातही बायांले एकसारखी नवी तांबडी लुगडी नेसायले दिली. चितर झालं की घडी करून परत द्यायची, असं बजावून दिली. बाया तरीही खूश होत्या. चितारी दुभाष्याकरवी म्हणाला, "तोंडं सोडा." तूस उडतच नव्हतं, बांधायचं काही कारणच नव्हतं. सगळ्यांत आधी माहीनं गाठ सोडली. हसून राहिली होती. मले म्हणाली, "चितरात मी कशी दिसतो, पाहू तं द्या!"

माहं टाळकं फिरलं. साऱ्या हमालांदेखत मी तिच्यावर ओरडलो, "परक्या माणसाले तोंड दाखवून राहिली, लाज नाही वाटत? बांध!" तिनं माह्याकडं एकदा पाहिलं अन् गाठ मारली. मग बाकीच्यांच्या नवऱ्यांलेही आपापली अब्रू आठवली. सातही तोंडं बांधली गेली, अन् चितारी रंग कालवू लागला.

पुढच्याच हंगामात तिले खोकला लागला. दिवाळीच्या आत गेली. दोनेक वर्षं झाली असतील, अन् एक दिवस ध्यानात आलं की तिचा चेहरा मले आठवून नाही राहिला. आवाज आठवे, खोकला आठवे, हनुवटीवरचं हिरवं गोंदण आठवे. पण त्या गोंदणाभोवतीचं तोंड येईचना. मी भ्यालो, खरं सांगतो. असा मी मरणालेही भ्यालो नव्हतो. चितर तेवढं राहिलं होतं. तोंड बांधलेलं आहे हे का मले ठाऊक नव्हतं? पण म्हटलं, डोळे तं असतील. वखारीच्या आवारातल्या लिंबाच्या झाडाकडून ती तिसरी बसली होती. डोळे पाहिले की बाकीचं आपोआप आठवेल. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

अकोल्याले जाणाऱ्या गाड्यांसंगं पायी निघालो. चार मुक्काम झाले. पेढीतला मुनीम भला माणूस, माही गेलेली बायको चितरात आहे म्हटल्यावर त्यानं आत घेतलं. रेचे खरे होते, सरकीचा ढीग खरा होता. हमालही होते, त्यात मीही असेन. पण साऱ्यांची डोकी गठाणीखाली दबलेली, दिसत होत्या त्या नुसत्या पाठी. बाया मात्र सात नव्हत्या, अकरा होत्या. चितर भरल्यासारखं दिसावं म्हणून त्यानं चार वाढवल्या. लिंबाचं झाडच नव्हतं. अकराही जणींची लुगडी तांबडी, तोंडं बांधलेली, अन् नजर खाली रेच्यावर. डोळे नाहीतच, नुसत्या पापण्या. चितारीले कशाले बोल लावू? आमच्याबद्दल तं खोटं त्यानं काढलंच नाही. त्या वखारीत आमी तेवढेच होतो, पाठी अन् हात. एक तोंड उघडं राहणार होतं, ते मीच बांधायले लावलं.

"तुही कोणती रे?" मुनीमानं इचारलं.

मी एकेक करून अकराही पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. "ही," म्हटलं, अन् मधल्या एकीवर बोट ठेवलं. काय करता, इतक्या दुरून आलो होतो.

मुनीमानं वाकून पाहिलं. "चांगली होती रे."

"हो जी," मी म्हटलं.

आता डोळे मिटले की तीच मधली बाई समोर येते, तोंड बांधलेली.