मातीसाठी फुलं

दुपारचं जेवण उरकून रूथ पपांच्या कॉटवर आडवी होते. डोळा लागतो न लागतो, तोच मागच्या अंगणातून कात्रीचा आवाज येतो. कच्. जरा थांबून पुन्हा कच्. पाचगणीच्या या घरामागे पपांच्या स्वीट पीचे, वाटाण्यासारख्या फुलवेलींचे, वाफे आहेत, पण पपा गेले, त्यांची माती झाली, तेव्हापासून तिकडे कुणी फिरकलेलं नाही. मग कापतंय कोण? ती उठते. की उठतच नाही, पण पाय मात्र गार, ओल्या वाफ्यात रुततात.

पपा ओळीत वाकून उभे आहेत. गळ्यात तोच तपकिरी मफलर, दाढी घोटलेली. दर वेलीला एक काठी आणि जागोजाग सुतळीची सैल गाठ.

"बोला बाई," ते मान वर न करता म्हणतात. "फुलं हवीत?"

बाई. शेवटच्या वर्षभरात ते तिला असंच म्हणायचे. तिच्या हातून पेज प्यायचे, तोंड पुसून घ्यायचे आणि अदबीनं विचारायचे, तुमचं गाव कुठलं? मेल्यावर तरी सगळं आठवत असेल, असं तिनं उगाच धरून ठेवलं होतं.

"हवीत," ती म्हणते.

"लग्न की माती?"

"माती."

"मग पांढरी घ्या, थोडी जांभळी. कुणाची?"

रूथ एका गाठीची सुतळी चाळवते. सांगितलं तर ते जातील. नाही सांगितलं तर ती गिऱ्हाईकच राहील.

"सावकाश सांगा," पपा म्हणतात. "मेलेल्याला कुठं एसटी पकडायचीय?"

ते चालू लागतात, ती मागोमाग. ओळ संपत नाही. काठ्यांच्या जागी आता सलाइनचे स्टँड आहेत, वेली त्यांच्यावरच चढल्या आहेत आणि पायाखाली इस्पितळाची फरशी आहे. पपांना त्याचं काहीच वाटत नाही. ते एक फूल बोटावर उचलून धरतात.

"ही बघा दांडी. वाकडी. तणाव्यानं धरलीय."

वेल आधारासाठी बारीक हिरवे तणावे सोडते. ते हाती लागेल त्याला वेटोळं घालतात, फुलाच्या दांडीलासुद्धा. लहानपणी शाळेआधी ते अंगठ्याच्या नखानं खुडायचं काम रूथचं असे. बांधायचं आपण, पपा सांगायचे, वेलीनं धरायचं नाही.

"आणि हिकडं शेंगा. शेंग धरली की वेल फुलायची थांबते, बाई. कुणाचं लक्ष नव्हतं का वाफ्याकडं?"

"वाफा बघायचा की तुम्हाला?" तिच्या तोंडून निघून जातं.

"मला काय झालं होतं?"

तोवर दोघं देवळात, चर्चच्या बाकांमधून, चालत असतात. समोर शवपेटी. तिच्यावर बाजारातलं झेंडूचं पुष्पचक्र, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. पपा पिशवीला कात्रीच्या टोकानं डिवचतात.

"हे कुणी आणलं?"

"मीच. आपल्याकडे एकही दांडी सरळ नव्हती."

"माती कुणाची आहे?"

"तुमची, पपा."

ते तिच्याकडे बघत राहतात. रागावत नाहीत, दचकतही नाहीत. मग हात पुढे करतात. शर्टाच्या बाहीतून एक तणावा बाहेर आला आहे आणि मनगटाला घट्ट वेटोळं घालून बसला आहे. कातडी त्याखाली पांढरी पडली आहे.

"हा राहिला," ते म्हणतात. "खुडला नाहीस."

नाहीस. बाईंना कुणी असं म्हणत नाही. आता नाव येईल, म्हणून ती थांबते. नाव येत नाही.

"खुड गं. शाळेला उशीर होतोय."

"नको, पपा."

"असाच राहिला तर मला वाकवेल तो. खुड."

ती अंगठ्याचं नख टेकवते. तणावा सुतासारखा तुटतो.

भिंतीवरचं ऊन कपाटापर्यंत सरकलं आहे. उशी एका बाजूला ओली. रूथ हात डोळ्यांसमोर धरते. उजव्या अंगठ्याच्या नखाची कड हिरवी आहे, आणि नाकाशी नेल्यावर तिला कच्च्या वाटाण्याचा वास येतो.

ती कान देऊन पडून राहते. मागच्या अंगणात कात्री वाजत नाही.