पाच दिवस आधीची पट्टी

घाईशी इतकं वैर असलेली बाई उभ्या मुरबाड तालुक्यात दुसरी नसेल, अशी आमच्या टोकावड्याकडच्या वाडीतली आशाताई आहे. घरोघरी फिरून ती बायकांच्या तब्येतीची चौकशी करते. एस.टी. भरून आली तर हात दाखवत नाही. दुसरी येईपर्यंत थांब्यावर बसून वालाच्या शेंगा सोलते. तिच्या पिशवीत दिवस राहिलेत का ते बघायच्या पट्ट्या असतात, पण वेळेआधी त्यातली एक मिळवणं कलेक्टरलाही जमणार नाही. "पाळीची तारीख होऊ दे, वर आठवडा जाऊ दे. मग सकाळच्या पयल्या लघवीवर बघू," हे ती एवढ्या मोठ्याने सांगते, की ओटीवरचे पुरुष गुरं बघायला उठतात.

एकदा मी उठलो नाही. मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि नातवंडाची घाई मलाच जास्त होती. म्हटलं, "सुनेसाठी एक पट्टी आजच दे."

"तात्या, काल भाताची आवणी केली नि आज लोंब्या मोजता? पोर तिला व्हायचाय, तुमाला नाय!"

मला राग आला. आमच्याकडे बाई बाहेरची झाली की चार दिवस चुलीला शिवत नाही, त्यामुळे सुनेची तारीख सासऱ्यालाही कळते. ती मी मोजत होतो, हे लिहिताना लाज वाटते. पुढच्या तारखेला पाच दिवस असताना मी शहापूरहून पट्टी आणली आणि बायकोकरवी भर दुपारी सुनेच्या हातात दिली. एकच रेघ आली, म्हणजे दिवस नाहीत. संध्याकाळी देवळासमोर चार माणसांत मी बोललो, "दोष सुनेत आहे." ते तिच्या कानावर गेलं. सकाळी ती आटगावला माहेरी निघून गेली.

त्या दिवशी मात्र आशाताई आटगावला जायला भरलेल्या एस.टी.त घुसली म्हणे. पण तिथेही पट्टी लगेच काढली नाही. तारीख उलटून आठवडा जाईपर्यंत सुनेला फोनवर नुसतं "जेवलीस का गो?" विचारत राहिली. मग पुन्हा जाऊन पट्टी दिली, तेव्हा दोन रेघा आल्या. हे ऐकून मी पेढे आणायला उठलो.

"बसा खाली," आशाताई म्हणाली. "पट्टीचा काय चुकला नाय, तात्या. तुमी तिला लवकर इचारलात."

काल त्याच चौघांना देवळासमोर बोलावून मी सांगितलं: दोष सुनेत नव्हता, घाई माझी होती. तेच इथे लिहितो, कारण माझा आरोप आटगावपर्यंत पोचला, तशी कबुलीही पोचली पाहिजे. हा कागद आशाताई नेणार आहे.

"सून कधी येईल गं?" मी तिला विचारलं.

"ते तिला ठरवू द्या."

मी बरं म्हटलं. तिची खोली मी रोज सकाळी झाडतो.