कळण्याचं पीठ

भागाबाईच्या स्वयंपाकघरात दोन मडकी होती. ठेवली पुरुषांनी, भरायची तिने.

नवरा पितांबर अमळनेरजवळच्या गावचा पोलीस पाटील. त्याच्या मडक्यातले उडीद मामलेदाराच्या दानफंडाला जात. खादीधारी धाकट्या दिराच्या, जीवरामच्या मडक्यातली ज्वारी जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या घरी जाई. दळायला बसण्याआधी ती दोन्हींत एकेक मूठ टाकी. कोठीची किल्ली मात्र पितांबरच्या करगोट्याला; रोजचं दळण तो मोजून देई. भाऊ एकमेकांशी बोलत नसत; येताजाता मडक्यांत डोकावत.

शेजारचा लोटन सत्याग्रहात झाड तोडून तुरुंगात गेला, तापाने फणफणल्यावर माफी लिहून सुटला आणि घरी येऊन अंथरुणाला खिळला. बायको भिकुबाई ओली बाळंतीण. पोटात अन्न नाही, अंगावर दूध नाही. पोराचं रडणं भिंतीपलीकडून आलं की भागाबाईच्या हातातला जात्याचा खुंटा थांबे.

"सरकारी झाड तोडणाऱ्याला दिलं तर पाटीलकी जाईल," तिने त्यांच्यासाठी मूठभर मागितल्यावर पितांबर म्हणाला.

"माफी मागितली त्याने, वहिनी," जीवराम म्हणाला. "ज्यांचे नवरे अजून आत आहेत, त्या बायांना काय तोंड दाखवू?"

"एवढ्यापुरतं बरं पटलं दोघा भावांचं!" भागाबाई म्हणाली.

एका पहाटे पोर रडलंच नाही. भागाबाई जात्यावरून उठली, दारापर्यंत गेली, परत बसली, पुन्हा उठली. मग तिने दोन्ही मडकी सुपात उपडी केली. उडीद-ज्वारी एकत्र दळली. कळण्याचं करडं पीठ पदराखाली घेऊन ती शेजारी गेली.

पोर कोरडी छाती चोखत होतं. भिकुबाईने पीठ पाहिलं, पण हात पुढे केला नाही. पाटलाकडून घेताना सरकारचा जय म्हणावा लागे, जीवरामकडून घेताना गांधीबाबाचा.

"अक्का, कोनं नाव लेऊ?"

"कोनंच नको. भाकर टाक."

घरी दोघे रिकाम्या मडक्यांशी उभे.

"माझे उडीद याने नेले!"

"आणि माझी ज्वारी?"

भागाबाईने जात्याभोवतीचं उरलेलं पीठ झाडून पुढे केलं. "घ्या. ज्याचं त्याने वेगळं करा."

दुसऱ्या पहाटे मडकी जागेवर नव्हती. दोघांनी आपापल्या खोलीत नेली होती. भागाबाईची मूठ सवयीने उचलली गेली, हवेतच राहिली. तिने भिंतीकडे कान दिला. बराच वेळ काही नाही. मग पोर रडलं, चांगलं जोरात.

मुठीतले दाणे पदरात बांधून तिने खुंटा धरला.