मुशीच्या तेलाचं टेबल

बोईसरहून आलेल्या पॉलिशवाल्याने टेबलाला हातसुद्धा लावला नाही. पडवीच्या पायरीवर उभा राहून, गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "माजी, इसमें दम नहीं है. नया ले लो." कोणात दम आहे आणि कोणात नाही हे ठरवायला तुला बोलावलं नव्हतं, असं दमयंतीने त्याला अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या मराठीत सुनावलं आणि चहा न देता वाटेला लावलं. घिवली गावात दारी आलेल्याला चहा न विचारणं ही लहान गोष्ट नाही. टाकून द्या म्हणणाऱ्यांनी आयुष्यात कधी एक खिळाही सरळ केलेला नसतो, हे तिचं जुनं मत. ते खोटं पाडणारा माणूस अजून तरी तिच्या दारात आलेला नाही.

तिचा मुलगा धीरज बोईसरच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. त्याने आणि त्याची बायको हेतल हिने स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि आईने आता एकटीने वाडीत राहायचं नाही असं ठरवून टाकलं. नारळ-चिकूंकडे चुलत दीर बघणार होते. दमयंती तयार झाली, पण स्वयंपाकघरातलं टेबल बरोबर येईल या अटीवर. अडचण अशी की नव्या स्वयंपाकघरात एकच टेबल मावत होतं, आणि हेतलने पालघरच्या दुकानात काचेचं, चार खुर्च्यांचं टेबल बघून ठेवलं होतं. शेवटी धीरजने मधला मार्ग काढला. पुढच्या रविवारी टेम्पो येणार होता. तोवर जुनं टेबल चारचौघांत मांडण्यासारखं झालं तर जाईल, नाही तर ते राहील. हातात नऊ दिवस होते. खर्चाला तिने पाचशेची एक नोट बाजूला काढली आणि ती संपली की काम संपलं असं स्वतःलाच बजावलं.

मार्गशीर्षातलं कोरडं ऊन होतं. टेबल पडवीत ओढून, नाकाला पदर बांधून ती पॉलिश पेपर घेऊन बसली. वरचा रंग हिरवा. तो उडाला तर खाली पिवळा. पिवळ्याखाली निळा. घासता घासता तिचा हात आपोआप चालू लागला आणि ती भलतीकडेच पोचली.

त्या टेबलाला रंग कधी दुकानातून आलाच नव्हता. मासेमारांच्या मांगेल आळीतला महादू तांडेल चार-सहा वर्षांनी एकदा नारळी पौर्णिमेच्या तोंडावर आपल्या होडीचा रंग बदलायचा आणि डब्याच्या तळाशी उरलेला रंग दमयंतीच्या घरी पोचवायचा. त्या वर्षी होडीचा जो रंग, तोच टेबलाचा. होडी खाडीत आणि टेबल चुलीपाशी, अशा दोघी जणू एकाच रंगाचं लुगडं नेसून वर्षं काढायच्या. होडी तिकडे खोल पाण्यात गेली की इकडे तांदूळ निवडताना दमयंतीला टेबल किंचित हलल्यासारखं वाटायचं. एक पाय डुगडुगत होता हे खरं, पण ती गोष्ट वेगळी.

निळ्याखाली पांढरा निघाला. पांढरा म्हणजे धीरज पाचवीत होता ते साल. मग शेंदरी. तिसऱ्या दिवशी दुपारी शेंदरीखालून खरखरीत करडा रंग वर आला आणि ती थांबली. तो पहिला रंग. महादूच्या होडीच्याही आधीचा.

टेबल घरात आलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. जवळच्या एका बांधकामावरचं कॅन्टीन बंद झालं आणि ठेकेदाराने सामान विकायला काढलं. तिच्या नवऱ्याने, बळवंतने, हे टेबल उचलून आणलं. खालच्या बाजूला अजून पांढऱ्या अक्षरांत कॅन्टीनचा नंबर आहे, सतरा. सासरे तात्या बघूनच भडकले. त्यांच्या घरात माणसं पाटावर जेवत, आधी पुरुष, मग मुलं, आणि सगळी भांडी रिकामी झाली की बायका. टेबलावर पाण्याचे हंडे ठेवा, असा हुकूम झाला. तीन वर्षं त्यावर हंडे होते.

मग धीरजच्या वेळेला दमयंतीला आठवा महिना लागला. खाली बसलं की उठता येत नव्हतं आणि भूक अशी की अंगावर धावून यायची. एके दिवशी पुरुष अजून वाडीतून यायचे होते. तिने एक हंडा खाली उतरवला, स्टूल ओढलं, टेबलावर ताट ठेवलं आणि जेवायला बसली. तिसऱ्या घासाला तात्या दारात. तिने वर बघितलं आणि चौथा घास घेतला. तात्या तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी गुडघ्याला हात लावून, कुठेतरी भिंतीकडे बघत म्हणाले, "मलापन तिथंच वाढ. खाली बसवत नाय आता." त्यानंतर त्या घरात पाट निघाले ते फक्त श्राद्धाला. लोक म्हणतात की आमच्या गावात बदल सभांनी आला. काही घरांत तो भुकेने आला, एवढं लिहून ठेवतो.

करडा रंग उडाला आणि खाली लालसर, गच्च रेषांचं लाकूड दिसलं. ओहोटीनंतर घिवलीच्या किनाऱ्यावर वाळूत ज्या बारीक लाटा उमटून राहतात, तशाच. दमयंती बराच वेळ त्यावर नुसता तळवा फिरवत होती. एका कोपऱ्यात तिने मुद्दाम पूर्ण घासलं नाही, कडेपासून आत एकेक रंग शिल्लक सोडत आली. हिरव्यात पिवळा, पिवळ्यात निळा, अशी वळणं तिथे राहिली.

महादू बघायला आला. होडी त्याने दोन वर्षांपूर्वी विकली, तेव्हापासून तो दुपारचा आळीत कुठेही सापडतो. त्याने लाकडावर नख ओढलं, वाकून वास घेतला आणि एकदम ताठ झाला.

"वयनी, ह्यो ऐन हाय. होडीचं लाकूड. याला तेल पाज."

आणि घरी जाऊन बाटली घेऊन आला. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल. होडीला ते पाजतात, मग खारं पाणी आत शिरत नाही आणि किडा लाकडाला तोंड लावत नाही. शेवटची बाटली, देवघराच्या मागे ठेवलेली. होडी गेली तरी बाटली ठेवली होती, याचं कारण दमयंतीने विचारलं नाही. डुगडुगत्या पायाला त्याने बाभळीची पाचर ठोकून दिली, आणि दोघांनी मिळून फडक्याने तेल चोळलं. लाकूड पीत गेलं. मावळतीला टेबल ओल्या चिंचोक्यासारखं चमकत होतं. महादू त्याच्याकडे असा बघत उभा राहिला की जणू आता कोणी लोटायला हात लावला तर ते पाण्यात जाईल.

सकाळी पडवीत चार मांजरं बसलेली होती. टेबलाभोवती, मान वर करून, ग्रामसभा भरल्यासारखी.

मांगेल आळीत जन्म काढलेल्या माणसाला मुशीच्या तेलाचा वास येतच नाही. आणि माशांवर वाढलेल्या दमयंतीलाही रात्री तो जाणवला नव्हता. होडीचं लाकूड म्हटल्यावर होडीचंच तेल, यापुढे दोघांचं डोकं गेलं नाही. पण हेतल पालघरच्या गुजराती घरातली. तिच्या माहेरी अंडंही शिजलं नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी घिवलीत मासे असले की ती गुपचूप दही-भात घेऊन मागच्या अंगणात बसते. तिच्या नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात हे टेबल.

दमयंती भडकली. आधी महादूवर, मग मांजरांवर, मग स्वतःवर. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून टेबल धुतलं. राखेने घासलं. लिंबं पिळली. उन्हात ठेवून झाकलं, उघडं केलं. वास तेवढ्यापुरता दबायचा आणि ऊन लागलं की लाकडाच्या पोटातून पुन्हा वर यायचा. महादू बिचारा कुंपणाबाहेरून विचारून जायचा. वर्निशचा लहान डबा आणला, दोन हात दिले, नोट संपली. मांजरं चाराची तीन झाली, एवढाच फरक.

शनिवारी हेतल आणि धीरज आले. दमयंतीने आदल्या रात्री उदबत्त्यांचा पुडा काढून ठेवला होता. तो तिने परत फळीवर टाकला. वास झाकून नेलेलं टेबल उद्या तिथे तोंड उघडणारच, आणि तेव्हा मान खाली तिचीच गेली असती.

धीरजने पायरीवरच नाक मुरडलं आणि आई, होडी नेतोय की टेबल, म्हणाला. हेतल मात्र जवळ गेली. ओढणी नाकाला होती, पण गेली. तिने आधी तो रंगांचा कोपरा बघितला, बोट फिरवलं आणि ही नक्षी कोणाकडून काढून घेतली ते विचारलं. दमयंतीने सांगितलं की ती नक्षी नाही, महादूच्या होडीची वर्षं आहेत.

मग म्हणाली, "मुशीचं तेल लावलंय मी. चूक झाली. धुतलं, पण जात नाय."

आईच्या तोंडून चूक झाली हे धीरजने जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"मम्मी, एवढं काय आहे या टेबलात?" हेतलने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

दमयंतीने हंडा सांगितला, स्टूल सांगितलं, चौथा घास सांगितला. रंगवून नाही, बाजाराला गेल्याचं सांगावं तसं. आणि शेवटी म्हणाली, "तुझ्या काचेच्या टेबलाला चार खुर्च्या हायेत. मला त्यावर बसायला मिळंल, मला म्हाईत हाय. पण तिथं मला कोणीतरी बसवलेलं असंल. इथं मी बसले."

मांजर हेतलच्या पायाला घासत होतं, तिने त्याला हाकललंही नाही. मग सावकाश म्हणाली, "माझी मम्मी अजून ओट्यापाशी उभी राहून जेवते. सगळ्यांच्या गरम रोटल्या होईपर्यंत. आमच्याकडे टेबल आहे, सहा खुर्च्यांचं."

स्वयंपाकघरात हे येणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. तिला मळमळतं, आणि त्यात कोणाचा अपमान नाही. पण बाल्कनी पश्चिमेला आहे आणि तिथे दिवसभर वारा असतो. दमयंतीने आपला अभिमान दोन मिनिटं चघळला. मग विचारलं, बाल्कनीत मावंल काय?

मावलं. इतकं मावलं की बाल्कनीत दुसरं काही मावेना. रविवारी रात्री दमयंतीने ताट घेऊन तिथे स्टूल ओढलं. चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही. दिसतात टाक्या, पत्र्याची छपरं, कारखान्यांचे दिवे, आणि पार शेवटी ताडांची एक काळी रेघ. त्या रेघेमागे काय आहे ते तिला पाठ आहे. वारा सुटला, लाकडातून तो जुना वास हलकेच वर आला आणि तिला वाटलं, सगळी इमारतच नांगर उचलून निघालीय.

आत धीरज काचेच्या टेबलाशी वाट बघत होता. हेतलने रोटल्यांचा डबा भरला, गॅस बंद केला आणि तो डबा घेऊन बाल्कनीत आली. दुसरं स्टूल तिने पायाने ओढलं.

"गार होतील ना गं," दमयंती म्हणाली.

"होऊ देत," हेतल म्हणाली, ओढणी नाकावर सारखी केली, आणि बसली.