एकाच पायाला धार

मिल स्ट्रीटवरच्या, बर्फावरच्या हॉकीच्या जुन्या रिंकमध्ये, कपडे बदलायच्या खोलीला लागून, वांडा प्रोकॉपची कोंबड्यांच्या खुराड्याएवढी जागा होती. तिथे ती स्केटच्या पात्यांना धार लावायची. पोर्ट डेलमारमधली निम्मी माणसं बर्फावर पहिल्यांदा उभी राहिली ती तिच्या हातच्या धारेवर. धार झाली की पातं नखावर ओढून बघायची आणि म्हणायची, "जा, पड आता." हा तिचा आशीर्वाद.

या बाईला नगर परिषदेच्या सभेत ‘हॉकीची वैरीण’ म्हणाले. मी तिथे होतो. म्हणणाऱ्यांची तोंडं मी विसरलेलो नाही.

झालं असं, की हॉकीच्या मोठ्या लीगने आमच्या गावाला टीम देण्याचं गाजर दाखवलं. देतो म्हणाले नाहीत, विचार करू म्हणाले. अट एकच, आधी मोठं स्टेडियम बांधा. टीम एका धनदांडग्याची, तिकिटांचा पैसा त्याचा, बिअरचाही त्याचा. बांधायचं मात्र आमच्या घरपट्टीतून. आणि आमचे लोक असे भाबडे, की ज्या टीमला अजून नावही नव्हतं तिचे निळे शर्ट घालून सभेला आले.

वांडाला भीती एकच होती. स्टेडियमपायी मिल स्ट्रीटची रिंक बंद करतील. तिथलं बर्फ गोठवायचं यंत्र म्हातारं झालं होतं, त्याच्या दुरुस्तीचे पैसे परिषदेत अडकून पडले होते. आमच्या वॉर्डाचा नगरसेवक ग्लेन मॅडिगन मतं मागायला आला तेव्हा तिच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "मिसेस प्रोकॉप, स्टेडियमही होईल आणि मिल स्ट्रीटही राहील. दोन्ही. माझा शब्द."

सभेत वांडा बोलायला उठली.

"टीम मलाही हवी. पण ज्याची टीम, त्याने तिचं घर बांधावं."

मागून एक निळा शर्ट ओरडला, "म्हातारे, तुझं दुकान बुडतंय म्हणून रडतेस!"

"हो, बुडतंय. पण तुझी पोरगी रोज सकाळी कुठे खेळते रे? त्या स्टेडियममध्ये तिला घेणार आहेत का?"

"घरी जा!"

"घरीच आहे मी. तू कोणाच्या घरी आलायस ते बघ."

मीही चार शब्द बोललो. ते छापण्यासारखे नाहीत, आणि त्याबद्दल मला खंतही नाही. मतदान झालं. मिल स्ट्रीटच्या यंत्राचे पैसे स्टेडियमकडे वळवायचे, असा ठराव होता. ग्लेनचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

स्टेडियम उभं राहिलं. उद्घाटनाला नगरसेवकांनी स्केट घालून बर्फावर एक फेरी मारायची, असं ठरलं. तिकडे मिल स्ट्रीटचा शेवटचा आठवडा चालू होता, आणि ग्लेन आपले स्केट घेऊन वांडाच्या खुराड्यात हजर! आमच्याकडचे हॉकीवाले बायको बदलतील, पण धार लावणारं माणूस बदलणार नाहीत. अपशकुन होतो म्हणे.

"मिसेस प्रोकॉप, तुमच्याशिवाय कोणाचा भरवसा नाही."

"माझं उलटं. तुझ्याशिवाय सगळ्यांचा आहे," वांडा म्हणाली. पण स्केट घेतले, यंत्र लावलं, ठिणग्या उडाल्या. मग दोन्ही स्केट त्याच्यासमोर आपटले. "उजव्याला लावलीय. डाव्याला नाही. आहे ती धारही काढून टाकलीय."

"म्हणजे?"

"दोन गोष्टींचा शब्द दिलास, एक केलीस. मीही तेवढंच केलं."

ग्लेन खो खो हसला. "तुमची थट्टा जात नाही बघा!" नोट टेबलावर ठेवू लागला, तर तिने ती त्याच्याच खिशात कोंबली.

"जा, पड आता."

त्याला वाटलं आशीर्वादच आहे.

उद्घाटनाला सगळं गाव होतं. बँड वाजला, ग्लेन हात हलवत निघाला. पहिलं वळण आलं, डावा पाय लोण्यावरून सटकावा तसा सटकला आणि गडी सपशेल बुडावर बसला. उठला, पुन्हा बसला. लोक आधी चपापले, मग हसायला लागले. त्या हशात वरच्या रांगेतून वांडाचा खणखणीत आवाज आला,

"ग्लेन, तो पाय मिल स्ट्रीटचा!"

हशा तिथल्या तिथे थांबला. निळे शर्टवाले खाली बघायला लागले. ग्लेन रांगत कठड्यापर्यंत गेला. हात द्यायला कोणी पुढे आलं नाही, मी तर मुळीच नाही.

यामुळे मिल स्ट्रीट वाचली, असं कोणी समजू नये. त्याच आठवड्यात दाराला कुलूप लागलं. लीगने टीम दुसऱ्या शहराला दिली. आता त्या स्टेडियममध्ये ट्रॅक्टरची प्रदर्शनं भरतात आणि घरपट्टी आम्ही भरतो.

वांडाने धारेचं यंत्र आपल्या गॅरेजमध्ये हलवलं. पोरं खाडी गोठली की तिथे खेळतात, धार तिच्याकडूनच लावून नेतात. परवा ग्लेन आला होता, स्केट काखेत मारून. नवीन माणसाच्या धारेवर पाय बसत नाही म्हणाला.

वांडाने शटर ओढलं, अगदी त्याच्या नाकासमोर.