ताईंचा खांदा

साथ संपली असं सगळे म्हणतात. आमच्या एक्स-रे विभागात ती अजून ठाण मांडून बसली आहे, आणि तिला बसायला खुर्ची दिली आहे वरच्या ऑफिसनं.

साथीत आम्ही सहाचे दोन उरलो, ताई आणि मी. बाकीचे कोणी आजारी पडले, कोणी जास्त पगाराकडे गेले, एक तर कायमचाच गेला. ताई त्या घामेजल्या प्लास्टिकच्या पोशाखाखाली शिशाचा एप्रन घालून पोर्टेबल मशीन वॉर्डावॉर्डातून ढकलायच्या. बेशुद्ध माणसाला उचलायचं, पाठीखाली एक्स-रेची कॅसेट सरकवायची, छातीचा एक्स-रे काढायचा, की पुढचा पलंग. त्या उचलाउचलीत त्यांचा उजवा खांदा कामातून गेला.

मग नियोजनवाले साहेब आले. म्हणाले, "दोघांत भागलं ना तेव्हा? मग सहा कशाला?" चार जागा गेल्या. राब राब राबलो त्याचं हे बक्षीस! त्यापेक्षा तेव्हाच हात वर केले असते तर बरं झालं असतं.

पुष्कळ डोकेफोड केल्यावर कंत्राटावर एक नवी मुलगी मिळाली. हुशार, कामाला वाघ. पण तिचं सगळं शिक्षण साथीतलं. छातीखेरीज दुसरं काही तिनं फारसं काढलेलंच नाही. घोटा मुरगळलेल्या एका आजोबांनाही तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "श्वास रोखा!" बिचाऱ्यांनी रोखला. वर ती "सोडा" म्हणायला विसरली. मी पोट धरून हसलो. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हिला शिकवायला आपल्यापैकी कोणाला सवड आहे, सांग."

इकडे सर्जननी ताईंना बजावलं होतं, आता ऑपरेशन लांबवलंत तर तो हात पुन्हा डोक्यापर्यंत जाणार नाही. मी सीटी स्कॅनच्या खोलीत अडकलेला. त्यामुळे नव्या मुलीनं एकटीनं एक्स-रे सांभाळायचा, या बोलीवर ताईंची रजा मंजूर झाली. ऑपरेशनआधी खांद्याचा ताजा एक्स-रे हवा होता. ताई त्या मुलीलाच म्हणाल्या, "तूच काढ. मी मधे बोलणार नाही."

मुलीनं त्यांना उभं केलं, मशीन वर-खाली केलं, आडोशामागे गेली. "ताई, श्वास रोखा!"

ताईंची हाक आली म्हणून मी धावत गेलो. स्क्रीनवर दोन्ही फुप्फुसं मधोमध, झकास. खांदा कोपऱ्यात, तोही अर्धा कापलेला. सवयीनं तिनं मशीन छातीवरच नेऊन थांबवलं होतं. पोरीला रडू कोसळलं.

"अगं, फुप्फुसं छान आहेत की माझी," ताई म्हणाल्या. मग डाव्या हातानं त्यांनी सर्जनना फोन लावला. "डॉक्टर, तारीख जरा पुढची द्या."

मी भडकलोच. "ताई, वेड लागलंय का तुम्हाला? पडू दे विभाग बंद! कळू दे की त्यांना एकदा!"

"त्यांना नाही कळणार रे. भोगतील ते घोट्यावाले आजोबा." त्यांनी मला ओढून मशीनसमोर उभं केलं. "इकडे बघ गं, रडणं पुरे. खांदा असा घ्यायचा."

आणि माझाच हात धरून, तो वळवत, वर नेत, त्या तिला शिकवू लागल्या. त्यांचा स्वतःचा वर जात नव्हता.